बाजू संपेपर्यंत

मुरुम गावातल्या तीन जॅझवेड्यांचा नियम एकच: तबकडीची बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नियम बुद्धघोषचा. मोडणारे प्रेमानंद आणि त्याची बायको वृषाली.

आज बुद्धघोषनं जिवापाड जपलेली तबकडी लावली होती, परदेशातल्या कुठल्याशा क्लबातली जुनी मैफल. बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा वादक एकटाच वाजवू लागला, तसा प्रेमानंद म्हणाला, "लई लांबवतोय राव."

"श्श्श!"

"भावजी, अंगावर कशाला येता?" वृषाली म्हणाली.

"मी कुठं काय केलं?" बुद्धघोषनं चिडून सुई उचलली. "एक बाजू धड ऐकू देत न्हाय तुमी! आता बोललात तर ही बैठकच बंद."

बंद केली, तर गावात दुसरं कोण ऐकणार होतं?

सुई पुन्हा सुरुवातीला. पुन्हा तोच बासवाला. प्रेमानंदनं नुसता घसा खाकरला.

"श्श्श!"

या वेळी गप्प करणारे बरेच जण होते. आवाज स्पीकरमधून आला होता.

मग तिघंही हलली नाहीत. बाजू संपली. एरवी इथं तबकडीतल्या श्रोत्यांच्या टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. आज एकही टाळी नाही. बुद्धघोषनं सुई उचलली, बटण बंद केलं, वायरही उपसली.

"हं," स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, "बोला की आता."