शिवणखात्याचा पुढारी

चळवळीला पुढारी नसतो. चळवळ हीच पुढारी असते. हे वाक्य इस्त्रीवालीने स्वतः रचलं होतं, स्वतः फळ्यावर लिहिलं होतं, आणि त्यातला एक शब्द बदलायचं कुणी सुचवलं तरी तिला राग यायचा.

आज त्या वाक्याची परीक्षा होती. साहेबांनी सकाळपासून शिवणखात्यातल्या एकेकाला केबिनमध्ये बोलवायला सुरुवात केली होती. शिपायाच्या सांगण्यानुसार प्रश्न एकच होता: तुमचा पुढारी कोण?

इस्त्रीवाली बाहेरच्या बाकावर बसली होती. दिवसभर गरम इस्त्रीपुढे उभं राहूनही तिला कधी एवढा घाम फुटला नव्हता.

मागच्या संपात पुढारी होते कटर मास्तर. कंपनीने त्यांना एकट्याला काढलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी मशिनं मुकाट चालू झाली. त्यातून खातं शहाणं झालं. इस्त्रीवालीच्या घरी दर सुट्टीला अभ्यासवर्ग भरू लागला. पुढारी कोण असं विचारलं तर प्रत्येकाने "मीच" म्हणायचं, असं एकमताने ठरलं. काढून काढून काढणार किती जणांना? त्याची तालीमसुद्धा झाली. तालमीत बटणवाला साहेब व्हायचा आणि असा खेकसायचा, की सासूबाई आतून म्हणायच्या, "चळवळ करा, पण दार लावून करा."

घरात कमावणारी ती एकटी. नवऱ्याने कंबर मोडल्यापासून अंथरूण धरलेलं. एकाने जरी तिच्याकडे बोट दाखवलं असतं, तरी चूल थंड.

केबिनचं दार उघडलं. बटणवाला बाहेर आला.

"काय सांगितलंस?" तिने हळूच विचारलं.

"ठरलं होतं तेच. मीच, म्हटलं."

"ओरडले का?"

"छे. चहा दिला." कॉलर सारखी करत तो निघून गेला.

चहा हे काही बरं लक्षण नव्हतं. अभ्यासवर्गात चहावर एक वेगळा धडाच होता.

मग धागे कापणाऱ्या मावशी आत गेल्या. मावशी मुळातच भित्र्या. शिपायालाही साहेब म्हणायच्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. दाराच्या धुरकट काचेतून त्यांचे हात तेवढे हलताना दिसत होते. इस्त्रीवालीने मनातल्या मनात डबा, चप्पल, एप्रन गोळा करायला घेतलं.

मावशी आल्या त्या ताठ मानेने.

"मीच, म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. मग सगळं ठासून सांगितलं. वर्ग मी घेते, फळ्यावर मी लिहिते."

"मावशी, तुम्हाला लिहिता कुठे येतं?"

"ते त्यांनी कुठे विचारलं?"

इस्त्रीवालीने मावशींचे दोन्ही हात हातात घेतले.

आता उरली लग्न होऊन शेजारच्याच खोलीत नांदणारी नणंद. बाही जोडायच्या मशिनवर बसायची, आणि तोंडात तीळ भिजत नव्हता. खरी धास्ती तिचीच होती. सकाळीच दोघींचं पाण्याच्या बादलीवरून वाजलं होतं.

नणंद गेली तशी लगेच परत आली.

"काय म्हणालीस?"

"मीच." ती जमिनीकडे बघत होती. "वहिनी, तू रागावणार नाहीस ना?"

"वेडी का खुळी तू? माझ्यासाठी एवढं केलंत सगळ्यांनी, आणि मी रागावू?"

"हं," नणंद म्हणाली. "जा. तुला बोलावलंय."

इस्त्रीवाली उठली. भीती कुठल्या कुठे पळाली. एकही माणूस फुटला नव्हता. अख्ख्या खात्याने आपली मान पुढे केली होती, आणि आता तिनेच अंग चोरायचं म्हणजे शोभलं नसतं. ती आत शिरली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"साहेब, पुढारी मीच. काढायचं तर मला काढा."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून दमले होते बिचारे.

"बसा, बाई. काढतंय कोण? वरून हुकूम आलाय, जो पुढारी असेल त्याला सुपरवायझर करून टाका. प्रत्येकाला आधी हे सांगितलं, मगच प्रश्न विचारला. तुम्ही तेवढ्या न ऐकता बोललात." त्यांनी चष्मा परत चढवला. "जागा एकच आहे."