पडद्यातलं तळं

"हे ते तळं नाही," गाडीतून उतरताच धाकटा म्हणाला.

ताईने लक्ष दिलं नाही. काठी टेकत ती उतार उतरायला लागली होती. तिच्याच हट्टापायी दोघं इतक्या लांब आली होती. साठी उलटलेला धाकटा निमूट तिच्या मागे निघाला.

वडिलांच्या फोटो स्टुडिओत भिंतभर एका तळ्याचा पडदा होता. मागे दोन जुळे डोंगर, पुढे पाण्यावर ओणवं झालेलं झाड. लग्नाच्या मुली, निवृत्त होणारे मास्तर, रांगती बाळं, सगळं गाव त्या तळ्याकाठी बसून गेलेलं. ऐन तरुणपणी भटकताना पडद्यावरचा हा फोटो आपणच काढला, असं वडील सांगत. कुठल्यातरी कॅलेंडरवरून उचललाय, असं म्हणून लोक पाठीमागे हसत. धाकटाही हसे.

आता समोर झाड नव्हतं. डोंगर होते, पण एकमेकांशी अबोला धरल्यासारखे लांब लांब. मध्ये नव्या घरांची रांग. धाकट्याने फोनमधला पडद्याचा फोटो समोर धरून मान हलवली. ताईने त्याला डावीकडे सरकायला सांगितलं. मग आणखी डावीकडे. तो कुरकुरत काठाकाठाने सरकत गेला आणि चिखलात पाय घसरून मटकन खाली बसला.

ताई हात द्यायला आली. पण तो उठेना. घरं लव्हाळ्याआड गेली होती. डोंगर खांद्याला खांदा लावून उभे होते. आणि पाण्यातून एक कुजका बुंधा वर आला होता.

"बाबा इथे बसले होते, ताई," तो म्हणाला. "असेच. चिखलात."

ताई सावकाश त्याच्याशेजारी टेकली. पातळ चांगलं भिजलं.

वरच्या वाटेने जाणारी एक बाई थांबली. दोघांचा फोटो काढू का, म्हणाली. धाकट्याने तिला फोन दिला आणि दोघं तळ्याकडे पाठ करून बसली.

"हनुवटी जरा वर," ताई हळूच, थेट वडिलांच्या सुरात म्हणाली. "हं. आता हलायचं नाही."

फोटो केव्हाच निघाला होता. बाई फोन पुढे करून उभी होती. दोघं श्वास रोखून तशीच बसून राहिली.