गाव कोणतं?

"बाबा, 'कहाँ के हो' विचारलं तर 'चंडीगढ़' म्हणायचं. बस. पक्का?" विद्यापीठाच्या जिन्यात नयनाने पुन्हा बजावलं. गजाननरावांनी मान डोलावली.

बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी यंदापासून दुप्पट झाली होती. तेवढी भरायची झाली तर एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष बोंबलणार आणि नयनाची रवानगी पुण्याला मामाकडे, स्थळं बघायला, हे घरात ठरून गेलं होतं. तार खात्यातल्या बाबांची इथे बदली झाली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला बाहेरची कोण म्हणणार?

विद्यार्थी कल्याण अधिकारी सोढीसाहेब भला माणूस. त्यांनी आधी चहा मागवला. "बच्ची होशियार है. यहाँ वालों की फ़ीस पुरानी ही है. बैंकों को नौकरी के लिए भी मैं यहीं के बच्चों के नाम भेजता हूँ." मग हसून म्हणाले, "तो जी, आप लोग कहाँ के?"

"वाई," गजाननराव म्हणाले. "ज़िला सातारा. घाट पर ही घर है."

नयनाने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पण गावाचा विषय निघाला की या माणसाला आवरणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमलं नसतं. ढोल्या गणपती झाला, कृष्णामाई झाली, हळदीचा बाजार झाला.

सोढीसाहेबांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. "लेकिन अब तो यहीं के हुए ना? रिटायर होकर यहीं रहेंगे?"

बिचाऱ्याने दार उघडून धरलं होतं. नुसतं आत शिरायचं होतं.

"नहीं जी! आखिर में तो अपने गाँव ही जाना."

सोढीसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "फिर तो फ़ीस नई वाली ही लगेगी, जी." चहा आला तो कोणालाच गोड लागला नाही.

जिना उतरताना नयना कडाडली. "एक शब्द, बाबा! एकच शब्द म्हणायचा होता!"

"अगं, गाव विचारलं तर गावच सांगणार ना माणूस? आपलं गाव..."

"किसका गाँव?" ती भडकली की हिंदीतच भडकायची. "दो बार गई हूँ मैं वहाँ. सब मुझे पंजाबीण कहते हैं!"

मान खाली घालून गजाननराव स्टँडवर गेले आणि स्कूटर काढू लागले. म्हाताऱ्या रखवालदाराने बिल्ला परत घेत सहज विचारलं, "बाबूजी, कहाँ के हो?"

गजाननरावांनी लेकीकडे पाहिलं. घसा खाकरला.

"चंडीगढ़ के," ते मोठ्याने म्हणाले. "पक्के चंडीगढ़ के."

रखवालदार हसला. "बोली से तो नहीं लगते, जी."