दादाला सांभाळायचं

“आज आधी काय वाजवायचं रे?” थोरल्याने विचारलं.

धाकटा त्याच्या समोर उभा राहून त्याच्या कोटाची बटणं लावत होता. प्रत्येक कार्यक्रमाआधी दादा हे विचारायचा, आणि धाकटा न कंटाळता सांगायचा. “आधी संथ तुकडा. मग नाचाचा. शेवटी मोठी रचना.”

वहिनीच्या हातात छापलेली कार्यक्रमपत्रिका होती. तिने ती घडी करून पर्समध्ये टाकली.

“हां, तसंच,” थोरला म्हणाला आणि निवेदिकेला शोधायला बाहेर पडला. क्रम बदललाय, असं त्याने तिला सांगितलं. तिने निमूट मान हलवली. त्याच्या आजाराचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. अशा माणसाशी कोण हुज्जत घालणार?

थोरला व्हायोलिन वाजवायचा, धाकटा पियानो. चाळीस वर्षं दोघे एकत्र वाजवत होते, तेही समोर कागद न ठेवता. धाकट्याला स्वतःच्या बोटांचा भारी तोरा. “ज्या दिवशी माझं बोट चुकेल, त्या दिवशी पियानोला कुलूप,” असं तो जेवताना सांगायचा. थोरला म्हणायचा, “किल्ली तेवढी माझ्याकडे दे. तू हरवशील.”

दोन वर्षांपूर्वी थोरल्याने त्याला घरी बोलावून घेतलं आणि समोर बसवून सांगितलं, “मला अल्झायमर झालाय. हळूहळू सगळं विसरत जाणार म्हणे. पण वाजवणं सोडू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आता तू सोबत हवास.”

खरं तर त्या सुमारास धाकट्याचंच मन वाजवण्यावरून उडालं होतं. एक कार्यक्रम फसला होता आणि आता थांबावं, असं त्याच्या डोक्यात घोळत होतं. दादाचं ऐकल्यावर त्याने आपलं रडगाणं गुंडाळून ठेवलं. तो सडाफटिंग, मागे ना कोणी ना पुढे कोणी. तिसऱ्या मजल्यावरची आपली जागा सोडून तो दादाकडे राहायला आला. एकट्या वहिनीच्या गळ्यात एवढं सगळं कसं घालायचं?

दादाला सांभाळणं सोपं नव्हतं. तो एकटा गोळी घ्यायचाच नाही. मग वहिनी धाकट्याच्याही तळहातावर एक ठेवायची. “ताकदीची आहे हो. तुम्ही घेतलीत की हेही घेतात.” धाकटा हसून गिळायचा. फिरायला जायचं तरी दादाला भावाचा दंड धरल्याशिवाय चैन पडायचं नाही.

दर तीन महिन्यांनी तिघे डॉक्टरबाईंकडे जायचे. स्मरणशक्ती तपासायला त्या कागदावर घड्याळ काढायला सांगत, अकरा वाजून दहा मिनिटांचं. दादाला एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या धाकट्यालाही एक कागद देत. धाकट्याला तो पोरखेळ वाटायचा, पण आजारी माणसाचं मन राखायला काय काय करावं लागतं! दादाच्या कागदाकडे तो मुद्दाम बघायचा नाही. बघवलंच नसतं.

त्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पहिले दोन तुकडे छान झाले. शेवटच्या मोठ्या रचनेत मात्र घोटाळा झाला. संपत आलेला भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. क्षणाचंही अंतर न पडता दोन्ही वाद्यं एकत्र मागे गेली. त्याच वळणावर आल्यावर पुन्हा तेच. धाकट्याच्या कपाळावर घाम आला, पण त्याने दादाची साथ सोडली नाही. तिसऱ्या खेपेला व्हायोलिनने एक सूर जरा जोरात, जरा लांब धरला आणि दोघे पुढच्या भागात शिरले.

“चुकलो रे,” पडदा पडल्यावर थोरला म्हणाला. “दोनदा मागे गेलो. तू होतास म्हणून निभावलं.”

“कुणाच्या लक्षातही आलं नाही,” धाकट्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मी आहे ना.”

बाहेर निवेदिका दादाच्या जिद्दीबद्दल भरभरून बोलत होती. पडदा पुन्हा वर गेला तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहींचे डोळे पुसणं चाललं होतं. थोरला वाकला. धाकट्याने त्याचं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं.

चार दिवसांनी सकाळी पत्र आलं. थोरला एकतीस वर्षं जिथे शिकवत होता, त्या संगीतशाळेचं. वहिनीने स्वयंपाकघरातच ते फोडलं आणि नवऱ्याला हलक्या आवाजात वाचून दाखवलं. ‘आपल्या प्रकृतीचा विचार करून आपले वर्ग पुढील महिन्यापासून दुसऱ्या शिक्षकांकडे सोपवीत आहोत. आपल्या धैर्याला आमचा सलाम.’

आतल्या खोलीत धाकटा सराव करत होता.

“एकतीस वर्षं,” वहिनी म्हणाली. “आत्ताच्या वर्गातल्या तीसजणांना तुम्ही हातात व्हायोलिन धरायला शिकवलंत. तुम्हाला एकेकाचं नाव पाठ आहे, कोण कुठे चुकतो तेही पाठ आहे. पुरे झालं आता. मी आजच शाळेत जाते आणि सगळ्यांना खरं काय ते सांगते.”

आत पियानोवर संपत आलेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. थोरल्याने पेटीतून व्हायोलिन काढलं.

“सांग,” तो म्हणाला. “पण गोष्ट फिरत फिरत त्याच्या कानावर जाईल. मग तो येऊन विचारेल, ‘वहिनी, दादा ठणठणीत आहे, तर मग आजारी कोण आहे?’”