लाईन आली की समजलं पाहिजे

"लाईन गेली," खुशालराव म्हणाले.

भर समुद्रात शिडाच्या बोटीवर लाईन जात नसते, बॅटऱ्या उतरतात. गीतांजलीने वडिलांना तसं सांगितलं. बॅटऱ्या चार्ज करणारा इंजिनाचा पट्टा कालच तुटला होता. आता होती ती टपावरची एक सोलर प्लेट, पोळपाटापेक्षा थोडी मोठी. तिने खाली केबिनमध्ये जाऊन सगळी बटणं बंद केली. इंजिन बंद, रेडिओ बंद, मोबाईलला रेंज नाही. वारा मात्र चांगला होता.

"आता या प्लेटीतून जे येईन ते रात्रीच्या दिव्यासाठी. डोलकाठीवरच्या. बाकी कायीच लावायचं नाही. इथून मोठे मोठे जहाजं जातात, बाबा. आपला दिवा दिसला नाही तं आपल्यावरून गेले हे त्यायले समजणारबी नाही."

"बरं," खुशालराव म्हणाले. गावी नांदगाव खंडेश्वरात लाईनमनला म्हणतात, त्याच सुरात.

आई-वडिलांना समुद्र दाखवायचा म्हणून ती त्यांना गोव्याहून रत्नागिरीला घेऊन निघाली होती. सुभद्राबाई सकाळपासून समुद्राकडे पाठ करून बसल्या होत्या. गीतांजली रात्रभर जागी होती. दुपारी तिने सुकाणू वडिलांच्या हातात दिलं, होकायंत्राचा काटा कुठे ठेवायचा ते दाखवलं आणि खाली जाऊन आडवी झाली.

थोड्या वेळाने खुशालरावांनी सुकाणू सुभद्राबाईंकडे दिलं.

"मले नाही जमत."

"कासरा धरते तसं धर. बैलापेक्षा गरीब आहे हे."

ते खाली उतरले. सगळी बटणं बंद पाहून त्यांना कसंसंच झालं. लाईन गेल्यावर बटण बंद करणारा माणूस त्यांच्या हिशेबी एक तर आळशी, नाही तर पुण्याचा. ती परत आलेली कळणार कशी? त्यांनी एकेक करून सगळी चालू केली आणि वाट पाहत बसले. याची त्यांना सवय होती.

मग पोरीच्या डोक्यावरचा छोटा पंखा हलला, थबकला आणि फिरू लागला. फ्रिज गुरगुरला.

"आली!" वर येऊन त्यांनी बायकोला हळूच सांगितलं. "झोपू दे तिले. घाम फुटला होता बिचारीले."

ऊन उतरेपर्यंत पंखा फिरला. तो थांबला तशी गीतांजलीला जाग आली. वऱ्हाडात वाढलेलं माणूस पंखा बंद पडला की जागं होतं. तिने पंख्याकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं आणि वर आली.

"बाबा, सारे बटन काहून लावले?"

"लाईन आली का समजाले पायजे ना."

"कुठून येईन लाईन? खांब दिसून राहिला का तुमाले एखादा?"

खुशालरावांनी खरोखरच चहूकडे पाहिलं. मग मान खाली घातली. गीतांजलीने आईच्या हातातलं सुकाणू परत घेतलं.

अंधार पडला. डोलकाठीवरचा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. पुढे लांबवर दोन ठिपके उगवले. एक लाल, एक हिरवा.

"दोन्ही दिसून राहिले म्हणजे नाकासमोर आपल्यावरच येऊन राहिलं," गीतांजली म्हणाली. "आई, टॉर्च आहे का कुठं?"

खुशालराव उठले. त्यांच्या पिशवीत टॉर्च नाही असं कधी होत नसे. रात्रीच्या ओलिताचा, चार्जिंगचा, शेताच्या त्या टोकाचं रानडुक्कर दाखवणारा. निघायच्या आदल्या रात्री घरी लाईन होती तेवढ्यात भरून घेतलेला. बोटीवर आता जी काही वीज होती ती नांदगाव खंडेश्वरची होती.

"जहाजावर नका मारू. शिडावर मारा. पांढरं आहे, दुरून दिसन."

शीड एकदम उजळलं. खुशालरावांनी टॉर्च दोन्ही हातांत धरला. लाल आणि हिरवा मोठे होत गेले. मग इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली. सुभद्राबाईंनी पहिल्यांदा समुद्राकडे तोंड केलं.

हिरवा गेला. नुसता लाल राहिला.

"वळलं," गीतांजली म्हणाली.

इमारतीएवढं काहीतरी बाजूने निघून गेलं. त्याच्या लाटांनी बोट बराच वेळ हलत राहिली.

"टॉर्च विझवा, बाबा. रात्र बाकी आहे."

खुशालरावांनी विझवला. चाचपडत खाली गेले. एकामागून एक बटणांची टकटक वर ऐकू आली.

"केले सारे बंद," ते खालूनच म्हणाले.

"डोलकाठीवालं?"

"तेबी केलं."

"ते राहू द्या चालू."

"काहून वं?"

गीतांजली अंधारात पुढे पाहत होती.

"सकाळी लाईन आली का समजाले पायजे."