लांबलेलं प्रवचन

व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात इटलीहून आलेली ओर्नेला ही एकटीच नर्स, तीही स्वयंसेविका. आठवडाभर बाळंतपणं, ताप, मलमपट्ट्या. पाणीसुद्धा तीच हापशावरून आणायची. फादर महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी धर्मशिक्षक नोवाटस गुरुजी प्रवचन गाऊन सांगत. त्यांनी सूर लावला, बायकांनी धृपद उचललं, की पहिल्याच बाकावर ओर्नेलाची मान कलायची.

एका रविवारी ती गुरुजींसमोर ओशाळून उभी राहिली.

"गुरुजी, उद्यापासून... म्हणजे पुढच्या रविवारपासून मी चर्चमध्ये येत नाही. देवासमोर घोरण्यापेक्षा खोलीत पडलेली बरी. आणि रागावू नका, पण तुमचं प्रवचनही हल्ली फार लांबतं हो. बाहेर पेशंट ताटकळतात."

"बाहेर कुठले? तेही आत येऊन गातात. आणि माझं प्रवचन अर्ध्या तासात संपतं, पोरी."

"मग पुढे तासभर काय चालतं?"

गुरुजींनी बाकं पुसणाऱ्या म्हाताऱ्या एवोडियाकडे बोट दाखवलं.

"विचार हिला. तू जागी होईपर्यंत धृपद सोडत नाही ही. मी 'आमेन'साठी तोंड उघडलं, की डोळे वटारते."