लीव्हचा आणखी एक अर्थ

फाटकाची कडी वाजवून वासुदेवराव बाहेरच थांबले. आतून "या" ऐकू आल्याशिवाय फाटक ढकलायचं नाही, हे आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

माधवी मॅडम पडवीत बसल्या होत्या. पांढरे केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावरून घेतलेला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शिकवणीले आले का, भाऊ?"

"हो, मॅडम."

"या मंग. चपला पायरीखाली काढा."

देवळीच्या शाळेत मॅडमनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिकवायची ओढ तशीच होती. नातवाशी इंग्रजीत बोलता यावं म्हणून शिकायचंय, असं वासुदेवरावांनी पहिल्या दिवशी सांगितलं. मॅडमनी नावगावही विचारलं नाही, समोरच्या स्टुलावर बसवून घेतलं. शेजारी वेताची खुर्ची रिकामीच होती, पण ती त्यांच्या यजमानांची. तिच्यावर कोणी बसायचं नाही.

"कोणता शब्द चालू होता आपला?"

"लीव्ह."

हा शब्द बरेच दिवस चालला होता. वासुदेवरावांना घाई नव्हती.

"सांगा अर्थ."

"रजा."

"तो नामाचा. क्रियापदाचा?"

"निघून जाणे."

"अजून?"

वासुदेवरावांनी डोकं खाजवलं. चुकणारा विद्यार्थी मॅडमना आवडतो, हे त्यांना ठाऊक होतं. "धरून ठेवणे?"

मॅडम हसल्या. "उलटं सांगून राह्यले तुम्ही. सोडणे."

मग त्यांनी त्या शब्दाचे भाऊबंद सांगितले. डिपार्ट म्हणजेही निघणे, पण ते गाडीला शोभतं. क्विट म्हणजे नोकरी सोडणे, नाहीतर तंबाखू सोडणे. अबँडन म्हणजे ज्याला आपली गरज आहे त्यालाच टाकून जाणे.

"सारखे दिसतात, भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाई. लीव्ह म्हटलं तर माणूस परत येऊ शकते. अबँडन म्हटलं का विषय संपला."

"तुमचे मिस्टर दिसत नाईत," वासुदेवराव म्हणाले.

"ह्यायची आष्टीले बदली झाली. तहसीलमध्ये आहेत. शनिवारी येतात."

"मागच्या शनिवारी आलते का?"

मॅडम रस्त्याकडे पाहू लागल्या. कापसानं फुगलेला एक ट्रॅक्टर जिनिंग मिलकडे गेला. त्याच्यामागे उडालेली धूळ खाली बसेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"काम असन," त्या म्हणाल्या.

विचारल्याचा वासुदेवरावांना पस्तावा झाला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा तानबा चालला होता. त्यानं पडवीतल्या दोघांकडे पाहिलं. काही बोलावं म्हणून थांबला आणि मान खाली घालून निघून गेला.

मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी पदर आवळून घेतला.

"भाऊ, उद्यापासून येऊ नका."

"काऊन, मॅडम?"

"लोक पाहून राह्यले. हे इथं नाईत अन् परका माणूस रोज घरी येते, बरं दिसत नाई. आधीच परवा एक जण सरळ स्वयंपाकघरात घुसला. मी ओरडली. माझी पोरगी होती म्हणून बरं, सुरभी. तिनं त्याले बाहेर नेलं."

"काही चोरलं का त्यानं?"

"नाई. चहा मागत होता. म्हातारा होता, तुमच्याएवढा."

"चांगलं केलं तुम्ही," वासुदेवराव म्हणाले.

शिकवणी संपली होती. उठायला हवं होतं. पण गुडघ्यांवर ठेवलेले हात त्यांना उचलवेनात. सकाळ ते कशीबशी काढत, वर्तमानपत्र वाचत, भाजी आणत. दुपार कलली की ही पडवी होती. उद्या दुपार कलल्यावर जायचं कुठे, ते त्यांना सुचेना. गावात ओळखीचे पुष्कळ होते, पण बोलावंसं वाटेल असं माणूस एकच होतं.

"मॅडम, एक शंका राह्यली."

"कोणती?"

"लीव्हचा आणखी एक अर्थ हाय म्हणतात. मागं ठेवून जाणे."

मॅडम सावरून बसल्या. आवाजात वर्गातला ताठा आला. "बरोबर. तुमची छत्री बसमध्ये राह्यली, तर लीव्हच वापरा लागते."

"पन जाणाऱ्याले माहीतच नसन, का आपलं काही मागं राह्यलं. तरी तोच शब्द?"

मॅडमनी चष्मा सारखा केला. त्या विचार करू लागल्या. मघाची काळजी चेहऱ्यावरून उतरली आणि जुनी, हुशार माधवी मॅडम वर आली. वासुदेवराव तिच्याकडे पाहत होते.

"पाहून सांगा लागन," त्या शेवटी म्हणाल्या. "शंका तशीच ठेवून शिकवणी बंद नाई करत मी. आजवर कोण्या पोराची केली नाई."

वासुदेवरावांनी हात जोडले. मॅडमनी मान डोलावली, आत गेल्या आणि दाराची कडी लावून घेतली.

ते फाटकाबाहेर पडले. कोपऱ्यावर वळले. मागच्या बोळातून भिंतीच्या कडेकडेनं चालत त्याच घराच्या परसदाराशी येऊन उभे राहिले. सुरभीनं आवाज न करता दार उघडलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आज ओळखलं का आईनं?"

"नाई," वासुदेवराव म्हणाले. "पन उद्या येजा म्हणते."